राजगुपित आणि छापणारें यंत्र

मसलत षट्कर्णी झाली कीं ती फुटली, असें आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. सांगणाऱ्याचे दोन कान आणि ऐकणाऱ्याचे दोन, एवढ्यांतच गुपित सुरक्षित राहतें. तिसरा इसम आला कीं त्याची शाश्वती उरत नाहीं. राजदरबारांत हा तिसरा इसम बहुधा लेखनिक असे, आणि म्हणूनच त्याचें इमान पारखून त्याला जवळ करीत. यंत्रयुगांत लेखनिकाची ही जागा हळूहळू यंत्रानें घेतली. नकलायंत्र, टंकलेखनयंत्र, दूरमुद्रक आणि आजचा प्रिंटर हीं सारीं त्या तिसऱ्या इसमाचींच रूपें होत. परंतु यंत्राचें इमान पारखावें कसें? सरकारास आणि सैन्यास असलीं यंत्रें विकणाऱ्यांचा इतिहास हा बव्हंशीं या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ अठराव्या शतकांत सांपडतो. वाफेच्या एंजिनामुळें प्रसिद्धीस आलेल्या जेम्स वॅटनें इ. स. १७८० मध्यें पत्रांची नक्कल करणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. विशिष्ट शाईनें लिहिलेल्या पत्रावर पातळ, ओलसर कागद ठेवून दाब दिला कीं शाईचा अंश त्या कागदांत उतरे; आणि कागद पातळ असल्यामुळें त्याच्या दुसऱ्या बाजूनें अक्षरें सुलट वाचतां येत. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानें लंडनला जाऊन पार्लमेंटचे सभासद व पेढीवाले यांच्यापुढें या यंत्राचे प्रयोग केले. गुप्त पत्र नकलेसाठीं कारकुनाच्या हातीं देण्याचें कारण आतां उरणार नव्हतें. उलट, इतकी हुबेहूब नक्कल निघूं लागली तर बनावट दस्तऐवजांचा सुळसुळाट होईल, अशी धास्ती कांहीं पेढीवाल्यांनीं घेतली. तरीहि वर्षअखेरपर्यंत सुमारें १५० यंत्रें खपलीं. एका बाजूनें गुपित राखणारें यंत्र दुसऱ्या बाजूनें विश्वासास धोका आणूं शकतें, हें ग्राहकांना पहिल्याच वर्षीं कळून चुकलें होतें.

वॅटच्या यंत्रांत निदान जें घडे तें डोळ्यांना दिसे. विजेवर चालणारीं यंत्रें आलीं आणि हा आधारहि गेला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याचे गुप्त संदेश दूरमुद्रकांवरून जात. साधा मजकूर आणि गुप्त किल्ली यांचें मिश्रण करून संदेश गूढ लिपींत नेणारें एक यंत्र बेल टेलिफोन कंपनीनें सैन्याला पुरविलें होतें. त्याचें नांव १३१-बी२. कांहीं यंत्रें विकलेलीं, कांहीं भाड्यानें दिलेलीं; परंतु तीं सुरक्षित असल्याची ग्वाही सर्वांच्याच बाबतींत दिलेली होती.

असें एक यंत्र कंपनीच्या प्रयोगशाळेंत चालूं असतां एक विलक्षण गोष्ट केवळ योगायोगानें लक्षांत आली. यंत्र एक पाऊल पुढें सरकलें कीं प्रयोगशाळेच्या दूरच्या भागांत ठेवलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक टोंकदार लहर उमटे. या लहरींची बारकाईनें छाननी केली तेव्हां संशोधकांना धक्काच बसला. त्या लहरींवरून, गूढ लिपींत जाण्यापूर्वींचा मूळ मजकूर वाचतां येत होता! किल्ली अभेद्य होती, लिपीहि अभेद्य होती. पण यंत्र स्वतःच, कोणी न विचारतां, सर्व कांहीं बोलून टाकीत होतें.

येथें विक्रेत्याची खरी कसोटी लागली. युद्ध ऐन भरांत होतें. दोष कोणाच्याहि ध्यानांत आलेला नव्हता, आणि तो उघड केल्यास पहिला ठपका कंपनीच्या स्वतःच्याच ग्वाहीवर येणार होता. तथापि कंपनीनें हा दोष सैन्याच्या दळणवळण खात्यास, म्हणजे सिग्नल कोअरला, कळविला. तिकडून आभाराऐवजीं अविश्वासच वांट्यास आला. प्रयोगशाळेंतल्या एवढ्याशा लहरींसाठीं चालूं युद्धांत गुप्त दळणवळण थांबवावयाचें कीं काय, असा अधिकाऱ्यांचा सूर होता. धोका खरा असेल तर तो सिद्ध करून दाखवा, असें त्यांनीं सांगितलें.

कंपनीच्या अभियंत्यांना न्यूयॉर्कमधील व्हॅरिक रस्त्यावरच्या एका इमारतींत बसविण्यांत आलें. रस्त्यापलीकडे, सुमारें ८० फुटांवर, सिग्नल कोअरचें गुप्तसंदेश केंद्र होतें. अभियंत्यांनीं सुमारें एक तास लहरी नोंदवून घेतल्या. आणि तीन-चार तासांतच त्या केंद्रांतून गेलेल्या मजकुरापैकीं सुमारें ७५ टक्के मजकूर अधिकाऱ्यांपुढें ठेवला. आतां शंकेला जागा उरली नाहीं.

पुढील सहा महिन्यांच्या सुमारास बेलच्या संशोधकांनीं उपायहि शोधले: यंत्रास धातूचें कवच घालणें, तारांतून बाहेर पडणाऱ्या लहरी गाळून अडविणें, आणि खऱ्या लहरी झांकून जातील असा गोंगाट मुद्दाम निर्माण करणें. कवच व गाळणी असलेलें सुधारलेलें यंत्र त्यांनीं तयार केलें. पण तें सैन्याच्या पसंतीस उतरलें नाहीं. बंद पेटीमुळें यंत्र तापे, त्याची देखभाल करणें कठीण होई, आणि रणांगणावरचीं जुनीं यंत्रें जागच्या जागीं सुधारतां येण्यासारखीं नव्हतीं. अखेर, केंद्राभोंवतीं सुमारें १०० फूट व्यासाच्या टापूवर सक्त नजर ठेवावी, एवढ्या सूचनेवर सेनाधिकाऱ्यांनीं समाधान मानलें. युद्ध संपलें, यंत्रें अडगळींत पडलीं आणि हा धडाहि विस्मृतींत गेला. इ. स. १९५१ मध्यें सी. आय. ए. या गुप्तवार्ता खात्यानें तेंच यंत्र पुन्हां तपासलें, तेव्हां तारेवरून पाव मैल अंतरावरहि मूळ मजकूर वाचतां येतो असें त्यास आढळलें. ही सारी हकीकत सरकारी दप्तरांतून जनतेसमोर आली ती इ. स. २००७ मध्यें.

बेलच्या वर्तनाशेजारीं एक दुसरी हकीकत ठेवून पाहावी. इ. स. १९५९ मध्यें झेरॉक्स कंपनीनें ९१४ हें नकलायंत्र बाजारांत आणलें. त्या कंपनीचें नांव पुढें मराठींत नकलेलाच पडलें. यंत्र गुंतागुंतीचें असल्यामुळें दुरुस्तीसाठीं कंपनीचा माणूस वारंवार यावा लागे. इ. स. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या हकिकतीप्रमाणें, सी. आय. ए.नें इ. स. १९६० नंतरच्या दशकांत कंपनीच्याच अभियंत्यांकडून वॉशिंग्टनच्या सोव्हिएट वकिलातींतील यंत्रांत छोटा चलच्चित्र-कॅमेरा बसवून घेतला, आणि दुरुस्तीस येणारा माणूस त्यांतील फिल्म बदलून नेऊं लागला. राष्ट्रकार्य म्हणून त्याचें समर्थन होईल. पण ग्राहकाच्या दृष्टीनें पाहतां, ज्याला आपण विश्वासानें दार उघडलें तोच फितूर निघाला, एवढाच त्याचा अर्थ.

त्याची परतफेडहि झाली. इ. स. १९८४ मध्यें मॉस्कोंतील अमेरिकन वकिलातींतून सुमारें ११ टन यंत्रसामग्री तपासणीसाठीं मायदेशीं नेण्यांत आली. क्ष-किरणांनीं पाहतां आय. बी. एम. कंपनीच्या विजेच्या टंकलेखनयंत्रांत चोरटीं उपकरणें आढळलीं. अशीं यंत्रें एकूण १६ निघालीं. अक्षरांचा गोळा फिरे तसतसे चुंबकीय क्षेत्रांत होणारे बदल टिपून तीं उपकरणें अक्षरें ओळखीत व बाहेर कळवीत. या प्रकारांत यंत्र बनविणाऱ्याचा हात नव्हता. तेव्हांपासून यंत्र कसें बनलें याइतकेंच तें कोणत्या वाटेनें आलें, याकडेहि ग्राहकाला लक्ष देणें भाग पडलें.

आजच्या कार्यालयांतील प्रिंटरची स्मरणशक्ति या सर्व पूर्वजांहून मोठी आहे. अनेक यंत्रांत छापलेल्या मजकुराची प्रत आंतील तबकडीवर राहूं शकते. कांहीं रंगीत यंत्रें प्रत्येक पानावर फिकट पिवळ्या ठिपक्यांनीं यंत्राचा क्रमांक व छपाईची वेळ उमटवितात, हें इ. स. २००५ मध्यें संशोधकांनीं उलगडून दाखविलें. म्हणून लष्करी ग्राहक वेगापूर्वीं निराळेच प्रश्न विचारतात. लहरी अडविणारें कवच आहे काय? तबकडीवरचा मजकूर गूढ लिपींत ठेवला जातो काय? यंत्र मोडीत निघालें तर तबकडी कोणाच्या ताब्यांत राहील?

कवच, चाचण्या व प्रमाणपत्रें या प्रश्नांचीं पुष्कळशीं उत्तरें देतात. पण प्रमाणपत्र ज्ञात दोषांपुरतेंच बोलतें. १३१-बी२ चा दोष त्या काळीं कोणत्याच यादींत नव्हता. तो कळला तो एवढ्याचसाठीं कीं तो ज्यांना दिसला ते गप्प बसले नाहींत. पुढें तो विसरला गेला, त्याचा दोष मात्र ग्राहकाकडेच जातो. गुपित राखणाऱ्या सरकारानें यंत्राबरोबर अप्रिय वार्ता सांगणारा विक्रेताहि शोधावा, आणि ती वार्ता आली म्हणजे ती ऐकून घेऊन जपून ठेवावी, हेंच व्हॅरिक रस्त्यावरच्या त्या एका तासाचें सार होय.