डेम्लो: एका स्टेशनाच्या नावाची संख्या

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेचा माणूस रेल्वेने मुंबईला निघाला की वाटेत देवळाली लागते आणि पुढे डोंबिवली. जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या या दोन्ही गावांना अंकगणितात जागा मिळाली ती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यामुळे. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीत शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी तेच नाव दिले, आणि ‘स्वयंभू’ संख्यांना, म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार न होणाऱ्या संख्यांना, ‘देवळाली संख्या’ म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे चढत गेले की नऊ एक्क्यांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. ही त्या ‘अद्भुत डेम्लो’ संख्यांपैकी एक.

अशा कामाला अनेक गणितींनी फारसे गांभीर्याने घेतले नाही. त्यांचा आक्षेप साधा आणि वजनदार आहे: ही गंमत संख्येची नाही, ती दशमान पद्धतीत लिहिण्याची आहे, आपल्याला आठ बोटे असती तर ती उरली नसती. १९४९ साली कापरेकरांना सापडलेल्या ६१७४ बाबत (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी हीच संख्या येते) हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण एका उदाहरणावरून सगळे काम निकालात काढता येत नाही. वरच्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एक्क्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच, आणि भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, म्हटले होते. म्हणजे त्यांच्या दोन कल्पना इथे एकाच संख्येत भेटतात. हे प्रत्येक वेळी घडत नाही: १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि ४ ने १२१ ला भाग जात नाही. नऊ एक्क्यांपर्यंतच्या डेम्लो संख्यांत १ सोडल्यास १२३२१ आणि ही सतरा अंकी, एवढ्या दोनच हर्षद आहेत.

आता पाया बदलून पाहू. अष्टमान पद्धतीत सात एक्के घेतले तर त्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. अंकांची बेरीज (दशमानात) ४९, आणि त्या सात एक्क्यांना ७ ने भाग जात असल्याने वर्गाला ४९ ने भाग जातो. कोणताही पाया घ्या, त्याहून एकने कमी एवढे एक्के मांडा. हाच मेळ बसतो. कारण पायाला त्याहून एकने कमी संख्येने भागले तर बाकी एकच उरते, म्हणून प्रत्येक एक्क्याच्या स्थानमूल्याची बाकीही एकच, आणि त्या साऱ्या बाक्यांची बेरीज तीच एकने कमी संख्या. आक्षेपकांचे म्हणणे इथे उलटे पडते: अंक बदलले, पण नियम टिकला.

गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. परदेशच्या शाबासकीवर त्यांचे मोल ठरवण्याचे मात्र कारण नाही. पुढच्याने नियम शोधावा अशी जागा त्यांनी पेन्सिल-कागदावर दाखवून ठेवली, एवढे पुरेसे आहे.