न पिकणारी गाठ

मराठीत गाठ हा शब्द मोठा बहुगुणी आहे. ऋणानुबंधाच्या गाठी असतात, लग्नाची गाठ असते, पदराच्या टोकाला मारलेली चार पैशांची गाठ असते. आणि अंगावर येते तीही गाठच. पहिल्या तिन्ही गाठी माणसाला हव्याशा वाटतात. चौथीकडे मात्र तो दुखेपर्यंत पाहत नाही. मी तर डॉक्टर असून पाहिले नाही. त्या न पाहण्याची हकीकत सांगावी आणि तिच्या निमित्ताने एका जुन्या विद्येचा इतिहासही उलगडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साल १९८२. नंदुरबार जिल्हा तेव्हा जन्मायचा होता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. शहाद्यात माझा लहानसा दवाखाना होता. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस नि ऊस. पावसाळ्याच्या अखेरीस तापीकाठच्या एका खेड्यातली पन्नाशी ओलांडलेली बाई मुलाबरोबर आली. तिच्या पोटावर बेंबीपासून खाली उतरणारा शस्त्रक्रियेचा जुना व्रण होता आणि त्याच्या कडेने बोराएवढ्या तीन गाठी उठल्या होत्या. टणक, किंचित जांभळट. दाबल्या तरी ती कण्हली नाही. “दुखस नही ते दादा, मंग कसानी चिंता?” असे तीच मला म्हणाली.

मीही चिंता केली नाही. आत राहिलेला टाक्याचा दोरा कधीकधी वर्षा-दोन वर्षांनीही त्रास देतो, हे मला ठाऊक होते. मी पेनिसिलिनची इंजेक्शने दिली, लेप दिला, ‘पिकली की फोडू’ असे सांगितले. पोट कशासाठी उघडले होते, हे विचारले नाही. महिना गेला. गाठी पिकल्या नाहीत. उलट तीनच्या पाच झाल्या. तेव्हा माझ्या मनाने दुसरी वाट धरली. आमच्या भागात त्वचेवर गाठी दिसल्या की पहिली शंका कुष्ठाची येई. मी तिला कुष्ठतपासनिसाकडे पाठवले. त्या चिठ्ठीने पुढे काय केले ते शेवटी सांगतो.

‘पिकली की फोडू’ हे वाक्य मी किती सहज उच्चारले! वस्तुतः माझ्या पूर्वजांनी त्यावर फार पूर्वीच विचार करून ठेवला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन आहे. ते वाटोळे, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे आणि सावकाश वाढणारे असते. आणि ते पिकत नाही. का पिकत नाही, याचे कारणही सुश्रुताने आपल्या परीने दिले आहे, ते म्हणजे कफ आणि मेद यांचे आधिक्य. कारण आज आपण स्वीकारणार नाही. पण निरीक्षण चोख आहे. एका अर्बुदावर दुसरे उठले तर त्यास अध्यर्बुद म्हणावे, असेही तो सांगतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत हे नव्हते, आणि मी घरच्या पोथीत पाहिले नव्हते.

एका जागेचे अर्बुद दुसऱ्या जागी कसे जाते, हा प्रश्न मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकात खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला. जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्खोने १८५८ साली आपला पेशीविकृतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हे त्याचे सूत्र. रोग म्हणजे बिघडलेला रस नव्हे, बिघडलेली पेशी, असे एकदा ठरले की गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याला अर्थ येतो. पुढे १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. त्याला दिसले की हा रोग यकृतात वारंवार उतरतो, प्लीहेत क्वचितच. रक्त तर दोन्हीकडे जाते. मग हा पक्षपात का? त्याने बी आणि जमीन यांची उपमा दिली. बी चहूकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्या मातीतच. तापीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी डॉक्टर लागत नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला त्वचेची जमीन फारशी मानवत नाही. त्याची आवडती शेते यकृत आणि फुप्फुस. शंभर रुग्णांत दोन ते सहा जणांच्याच त्वचेत तो उतरतो, असे आजवरच्या पाहण्या सांगतात. पण उतरला की बहुधा पोटाच्या त्वचेवर, आणि विशेषतः शस्त्रक्रियेच्या व्रणाशी. बऱ्याचदा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. रक्तातून, लसवाहिन्यांतून, पोटाच्या आतल्या पडद्यांच्या आधाराने बेंबीपर्यंत, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळीच जखमेत सांडलेल्या पेशींतून, अशा त्याच्या वाटा आहेत. वाट कोणतीही असो. तो तिथे पोचला म्हणजे शरीराच्या आत पुष्कळ काही घडून गेलेले असते.

या विद्येच्या इतिहासात मला सर्वांत प्रिय आहे ती एक परिचारिका. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी १८८९ साली सेंट मेरीज रुग्णालय सुरू झाले. तिथे ज्युलिया डेम्प्सी नावाची जोगीण होती. संन्यासाचे नाव सिस्टर मेरी जोसेफ. विल्यम मेयो या शल्यविशारदाची ती अनेक वर्षे पहिली साहाय्यक होती. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट धुऊन पुसून तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक. पुसता पुसता तिच्या बोटांना कळले की ज्यांच्या बेंबीत टणक गाठ लागते, त्यांचे पोट उघडल्यावर आत रोग पसरलेला आढळतो. मेयोने १९२८ साली या खुणेबद्दल लिहिले. सिस्टर १९३९ साली वारली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४९ साली, इंग्रज शल्यविशारद हॅमिल्टन बेली याने आपल्या पुस्तकात त्या गाठीला तिचे नाव दिले. मोठमोठ्या आचार्यांच्या नावांनी भरलेल्या वैद्यकात पोट पुसणाऱ्या बाईचे नाव असे कोरले गेले. कारण एकच: तिने हात फिरवताना लक्ष दिले होते.

आपल्याकडे हे लक्ष देण्याचे शास्त्र रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणातून पुढे मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी विदुषीसह एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या लोकांच्या रोजच्या सवयींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांतला एक धोतराचा कर्करोग. धोतर कमरेला जिथे वर्षानुवर्षे कसून बांधले जाते, तिथल्या त्वचेत होणारा. धोतर तर सारा देश नेसत होता. पण त्या काचलेल्या रेषेकडे रोगविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले ते या दोघांनी. आणखी एक गोष्ट मला आज विशेष वाटते. खानोलकरांनी कर्करोगाइतकाच कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. म्हणजे माझ्या मनात ज्या दोन रोगांची गल्लत झाली, त्या दोहोंचे त्वचेतले रूप सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून दाखवणारा माणूस मुंबईत आयुष्यभर काम करून गेला होता.

आता माझ्या रुग्णाकडे येतो. तपासनिसाने तिच्या कानाच्या पाळीतून आणि गाठीतून द्रव घेऊन काचपट्टीवर पाहिला. १८७३ साली हॅन्सनने शोधलेला कुष्ठाचा जंतू त्यात नव्हता. पिसाचा स्पर्शही तिला सगळीकडे कळत होता. तेव्हा मी गाठीचा एक तुकडा कापून घेतला आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. सोबतच्या कागदावर एक रकाना होता: पूर्वीची शस्त्रक्रिया. तो भरण्यासाठी मी मुलाला प्रथमच विचारले. तो सहज म्हणाला, “दोन वरीस झाले, आतडानी गाठ काढेल शे.” माझा हात थांबला. निदान तिथेच झाले होते. बाटली केवळ त्यावर शिक्का आणणार होती.

मुलगा बाटली घेऊन एस.टी.ने प्रकाशामार्गे नंदुरबारला गेला. तिथून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत, आणि सुरतेहून मुंबई. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्वचेच्या थरात आतड्यासारख्या उंच पेशींच्या वेड्यावाकड्या ग्रंथी आढळल्या होत्या. त्वचेत घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या असतात. आतड्याच्या असण्याचे कारण नाही. परक्या घरात चोर सापडावा तशा त्या सापडल्या होत्या. आज चोराचे गावही सांगता येते. सीके २०, सीडीएक्स २ या नावांची प्रथिने रंगली आणि सीके ७ रंगले नाही, तर मूळ मोठ्या आतड्यात असावे असा बळकट अंदाज बांधता येतो. बारीक सुईनेही गाठीतल्या पेशी काढून पाहता येतात. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटा पुष्कळ जवळ आल्या आहेत.

पण यंत्र कितीही जवळ आले तरी तो रकाना कोणीतरी विचारून भरावा लागतो.

ती बाई होळीपूर्वीच गेली. वेळीच ओळखले असते तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. त्वचेत उतरलेला हा रोग तेव्हा बहुतेकांना वर्षभराची मुदतही देत नसे. माझ्या मनाला लागून राहिले आहे ते दुसरेच. मुंबईचे उत्तर घेऊन मी तिच्या गावी गेलो, तेव्हा ती ओसरीच्या टोकाला एकटी बसली होती. शेजारी तिची वेगळी ताटली, वेगळा पेला. माझी कुष्ठाची चिठ्ठी गावाने वाचली होती. नातवंडांना तिच्याजवळ जायची मनाई झाली होती. कुष्ठ असते तरी त्या माणसाला असे दूर बसवणे अन्यायाचेच. आणि हिला तर तोही रोग नव्हता. मी घरातल्यांना सगळे समजावून सांगितले. सून आत गेली, धाकट्या पोराला घेऊन आली आणि त्याला सासूच्या मांडीवर ठेवले. माय काही बोलली नाही. पोराच्या डोक्यावरून हात फिरवीत राहिली.

योग्य निदानाने रोग बरा होतोच असे नाही. पण त्याने तिला पाच महिने घर परत मिळाले. माझ्या चुकीने हिरावलेले तेवढेच मी परत करू शकलो. त्यानंतर दवाखाना बंद करीपर्यंत, पोटावर व्रण असलेल्या प्रत्येक रुग्णाला मी आधी विचारत असे: हे कशाचे, आणि केव्हाचे? गाठ दोन आठवड्यांत पिकली वा विरली नाही, तर तुकडा तपासायला पाठवीत असे. आणि चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवून देत असे.