ना धड नायक, ना धड खलनायक: पुराणकथांवरच्या रोलप्लेइंग गेममध्ये अशी पात्रं कशी खेळतात?

समजा, तुम्ही राजा आर्थरचे सरदार आहात. वादळी रात्री तुम्ही एका अनोळखी माणसाला घरात आसरा दिला. जेवताना कळलं, की याच माणसाने तुमच्या भावाला मारलं होतं. पाहुण्यावर शस्त्र उगारणं हे त्या काळातलं मोठं पाप. पण भावाचा सूड न घेणं हीसुद्धा नामुष्कीच. आता काय कराल?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये असे प्रसंग नेहमी येतात. पुराणकथा किंवा दंतकथांवर आधारलेल्या खेळांत तर त्यातच खरी गंमत असते.

हा खेळ नेमका काय असतो?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एक जण 'गेम मास्टर' होतो. तो प्रसंग सांगतो आणि बाकीच्या सगळ्या जगाची भूमिका करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय बोलेल, काय करेल हे ठरवतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये अमेरिकेत आला आणि तिथून हा प्रकार रुजला.

चांगलं-वाईट मोजायचं कसं?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने यासाठी 'अलाइनमेंट' ही कल्पना वापरली. सुरुवातीला तिच्यात नियम, तटस्थता आणि अराजक असे तीनच गट होते. पुढे त्यांना चांगलं-वाईट ही दुसरी बाजू जोडली गेली आणि 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये एकूण नऊ प्रकार झाले. ही पद्धत सोपी आहे, पण तिच्यामुळे पात्रावर एक शिक्का बसतो. खरा माणूस घरी प्रेमळ आणि रणांगणावर निर्दय असू शकतो. ते या चौकटीत नीट बसत नाही.

'पेंड्रॅगन'ने वेगळं काय केलं?

ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'किंग आर्थर पेंड्रॅगन' हा खेळ 1985 मध्ये आला. त्यात प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या 13 जोड्या असतात: दयाळू-क्रूर, क्षमाशील-सूडबुद्धीचा, नम्र-गर्विष्ठ वगैरे. प्रत्येक जोडीची बेरीज 20 असते. दयाळूपणा 12 असेल, तर क्रौर्य 8. एक वाढलं की दुसरं कमी होतं.

कसोटीच्या क्षणी 20 बाजूंचा फासा टाकतात. आकडा दयाळूपणाच्या गुणांइतका किंवा त्याहून कमी आला, तर पात्र दया दाखवतं. जास्त आला, तर क्रौर्यासाठी फासा पडतो. दोन्ही फसले, तर खेळाडू स्वतः निर्णय घेतो. म्हणजे दयाळू सरदाराच्या हातूनही कधीतरी क्रूर कृत्य घडू शकतं.

शिवाय निष्ठा, प्रेम, द्वेष, आतिथ्य यांनाही आकडे असतात. लान्सलॉटची कथा आठवा. राजावर निष्ठा आहे आणि राणीवर प्रेमही. त्याच्या दोन्ही भावना खऱ्या आहेत, म्हणूनच त्याची शोकांतिका होते.

या खेळात सद्गुणही धर्मानुसार बदलतात. ख्रिस्ती सरदारासाठी नम्रता हा गुण आहे, तर पेगन सरदारासाठी अभिमान. त्यामुळे चांगला कोण, याचं एकच उत्तर मिळत नाही.

'सायन' या खेळात खेळाडू आजच्या जगातल्या देवपुत्रांच्या आणि देवकन्यांच्या भूमिका करतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक देवसमूहाला एकमेकांशी झगडणारी दोन मूल्यं दिली आहेत. ग्रीक देवांसाठी ती आहेत अहंकार आणि आप्तभाव.

मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती खेळाडूंमध्ये. एखादा खेळाडू साथीदारांचे पैसे चोरतो, कैद्याचा छळ करतो आणि वर म्हणतो, 'माझं पात्र असंच वागलं असतं.' पण पात्र स्वतःहून काहीच करत नाही. ते कसं आहे, हे त्याच खेळाडूने ठरवलेलं असतं. अशा वागण्याने इतरांची संध्याकाळ खराब होते आणि कधीकधी गटच फुटतो.

म्हणून बरेच गट आधी 'सेशन झीरो' घेतात. कोणते विषय खेळात अजिबात नकोत आणि कोणते पडद्याआड उरकायचे, हे त्यात ठरतं. काही जण टेबलावर 'एक्स-कार्ड' ठेवतात. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेल्या या पद्धतीत कुणीही कार्डाला हात लावला की तो भाग वगळला जातो. कारण सांगावं लागत नाही.

पुराणकथांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. 1980 च्या 'डीइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक आणि नॉर्स देवांसोबत भारतीय देवतांनाही खेळातले आकडे दिले होते. एकासाठी जी निव्वळ गोष्ट असते, ती शेजारी बसलेल्यासाठी श्रद्धा असू शकते. हेही आधीच बोललेलं बरं.

असं पात्र घडवायचं कसं?

चार प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवावीत:

- त्याला काय हवंय? नुसतं 'तो वाईट आहे' एवढ्याने पात्र उभं राहत नाही.
- तो काय कधीच करणार नाही? मर्यादा असली की ती मोडण्याच्या मोहाला अर्थ येतो.
- तो कुणाचा ऋणी आहे? साथीदारांपैकी निदान एकाशी घट्ट नातं असावं.
- त्याची किंमत कोण मोजतं? नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागत असेल, तर पात्र बदलायला हवं.

मराठी वाचकाला हे नवं नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला कर्ण आणि इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधली माणसं आपण कधीच वाचली आहेत. दुर्योधनाची बाजू चुकीची, हे कळत असूनही कर्ण मैत्री सोडत नाही. कर्ण चांगला की वाईट, यावर आपण आजही वाद घालतो.

टेबलावर फरक एवढाच, की निर्णय तुम्हाला घ्यायचा असतो. पाहुणा समोर जेवतोय, तलवार भिंतीला टेकून उभी आहे आणि बाकीचे चौघं तुमच्याकडे बघतायत.