लहान मोटारी : किंमत आणि सुरक्षिततेचे निकष

लहान मोटार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ठेवावी, की अपघातात प्रवाशाचा जीव वाचवील अशी बांधणी सक्तीची करून तिची किंमत वाढू द्यावी, या वादाला भारतात खरी धार आली ती पुण्यात आकारास आलेल्या 'नॅनो'मुळे.

टाटा मोटर्सने १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ही मोटार सादर केली. करांव्यतिरिक्त एक लाख रुपये ही तिची जाहीर किंमत होती. पावसात एकाच दुचाकीवरून जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा सांगत. दुचाकीपेक्षा चारचाकी सुरक्षित, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. मात्र तेवढ्याने मोटार सुरक्षित ठरत नाही. त्या वेळच्या भारतीय नियमांची नॅनो पूर्तता करीत होती. मोटारीचा समोरचा अर्धाअधिक भाग न आदळता एकच बाजू अडथळ्यावर आदळवून पाहण्याची चाचणी तेव्हा बंधनकारक नव्हती.

'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये नेमकी तीच चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली. नॅनो, मारुती ऑल्टो ८००, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. पहिल्या तीन मोटारींचा सांगाडाच कोसळल्याने एअरबॅग बसवूनही उपयोग झाला नसता, असा संस्थेचा निष्कर्ष होता. पोलोचा सांगाडा टिकला. एअरबॅगसह तिला चार तारे मिळाले आणि कंपनीने एअरबॅगविना मॉडेल विकणे बंद केले. एअरबॅग नंतर बसवता येते, कमकुवत सांगाडा मात्र नव्याने आखावा लागतो. किमतीचा खरा प्रश्न तेथे आहे.

समोरून आणि बाजूने धडक देण्याच्या चाचण्या १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मॉडेलांना लागू झाल्या. समोरच्या चाचणीचा वेग ताशी ५६ किलोमीटर ठरला. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठी ती नव्या मॉडेलांत एप्रिल २०२१ पासून, तर विक्रीत असलेल्या मॉडेलांत जानेवारी २०२२ पासून आली.

सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला. लहान मोटारी महागून ग्राहक पुन्हा दुचाकीकडे वळेल, असा आक्षेप मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी घेतला. अंमलबजावणी वर्षभर लांबली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ही सक्ती होणार नसल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी स्पष्ट केले. त्याऐवजी १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही तारांकन योजना सुरू झाली. ती ऐच्छिक असल्याने कमी तारे मिळण्याची भीती असलेली मोटार चाचणीला न पाठवण्याची मुभा कंपनीला आहे.

सक्ती नसतानाही मारुतीने २०२५ मध्ये ऑल्टो के१० च्या सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग दिल्या. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला.