घासकामाची गादी

घासकामाची गादी : लाकूड वा रंगाचा थर गुळगुळीत करताना अपघर्षक (घासणाऱ्या) कागदाच्या पाठीमागे ठेवावयाचा मऊ, दबणारा थर. यंत्राच्या कठीण, सपाट तबकडीवरील कागद उंचवटाच तेवढा घासतो. त्यामुळे गोलाई चपटी होते आणि खोलगट भाग तसाच राहतो. गादीमुळे दाब विभागला जाऊन कागद वस्तूच्या आकाराला धरून फिरतो.

दक्षिण कोकणातील लाकूडकामात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तेरेखोल नदीकाठी गोव्याच्या सीमेवर वसलेले आरोंदा गाव ज्या सावंतवाडी तालुक्यात मोडते, तेथील रंगीत लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. त्यांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचे हलके, मऊ लाकूड वापरीत. पुढे आंब्याचे लाकूडही वापरात आले. हाताने घासताना कारागिराच्या बोटांचे मांसल पेरच गादीचे काम करते व उंचसखलपणाही त्यालाच प्रथम जाणवतो. चरकावरील लाखकामात केवड्याच्या पानाने झिलई देतात. तेथेही पानाचा लवचिकपणाच उपयोगी पडतो.

कागदावर काचेची वा वाळूची पूड चिकटविण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत आले. अमेरिकेतील आयझॅक फिशर यांनी 1834 मध्ये त्याचे एकस्व घेतले. एडवर्ड ॲचेसन यांना 1891 मध्ये सिलिकॉन कार्बाइड हे अतिकठीण अपघर्षक मिळाले. महाराष्ट्रात उरणजवळील मोरा येथे 1941 मध्ये ग्राइंडवेल हा अपघर्षकांचा उद्योग सुरू झाला. हाती धरावयाचे विजेवर चालणारे पट्ट्याचे घासयंत्र 1926 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले. यंत्राने वेळ वाचला. परंतु बोटाचा लवचिकपणा त्यात नव्हता.

ही उणीव फोमने भरून काढली. ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि 1950 नंतर त्याचा मऊ फोम सर्वत्र मिळू लागला. जॉर्ज द मेस्त्राल यांच्या आकडे-फासे पद्धतीच्या चिकटपट्टीमुळे कागद क्षणात बदलता येऊ लागला.

तयार गाद्या मिळत असल्या, तरी लहान कार्यशाळांत त्या घरीही बनवितात. तबकडीच्या मापाचा, सर्वत्र सारख्या जाडीचा दाट फोम कापून त्याच्या एका बाजूस आकड्यांची व दुसऱ्या बाजूस फाशांची पट्टी रबरी डिंकाने चिकटवितात. धूळ ओढणारी छिद्रे तबकडीच्या छिद्रांशी जुळवून पाडतात. सपाट फळीस पातळ व घट्ट, तर वक्र वस्तूस जाड व मऊ फोम योग्य ठरतो. गादी केंद्रापासून सरकली किंवा फार जाड झाली, तर यंत्राचा तोल बिघडून कंप वाढतो. दाब जास्त दिल्यास उष्णतेने डिंक सैल होतो व आकडे वितळतात. मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेणाऱ्या कोन-घासणीवर घरगुती गादी लावणे धोक्याचे आहे. ती सुटल्यास तिचे तुकडे वेगाने उडतात.

यंत्राने उडणारी बारीक धूळ हा दुसरा धोका होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ मानवात कर्करोग घडविणारी ठरविली. म्हणून मुखपट्टी व धूळ ओढण्याची सोय यांना गादीइतकेच महत्त्व आहे.