खुद्रीचं गाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा शिंपी होते. आठवड्याचे सहा दिवस हातात सुई आणि सातव्या दिवशी गळ. दोन्हींना दोराच लागतो, असं ते म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज झाली की सायकलच्या दांडीला बांबूची काठी बांधायची, डब्यात गांडुळं आणि कणकेचे गोळे घ्यायचे, मला मागे कॅरिअरवर बसवायचं आणि कधी बंडगार्डनच्या बंधाऱ्याकडे, कधी खडकवासल्याकडे निघायचं. ही १९८०च्या आसपासची गोष्ट. बंडगार्डनचं पाणी तेव्हाही काही फार स्वच्छ नव्हतं, पण नाकाला रुमाल लावावा लागत नसे.

अब्बांचे एक जोडीदार होते. सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले आणि पक्के शाकाहारी. मी त्यांना काका म्हणायचो, अब्बा काकासाहेब म्हणायचे आणि ते अब्बांना मास्तर. शाकाहारी माणसाने मासे धरायचे हे ऐकणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. पण काका मासा धरत ते सोडण्यासाठी. हात आधी पाण्यात ओले करत, मग गळ हलकेच काढत आणि मासा पाण्यात धरून ठेवत. त्याने शेपटी मारली की हात उघडत. अब्बांना हे मुळीच पटत नसे.

"काकासाहेब, खायचा नाही तर त्याच्या ओठात लोखंड कशाला घालायचं? पोटासाठी शिकार केली तर अल्लाकडे जाब देता येतो. खेळासाठी केली तर काय सांगणार?"

"मास्तर, तुम्ही नेता म्हणून नदी रिकामी होते. मी सोडतो म्हणून पुढच्या आठवड्यात तुम्हाला काहीतरी मिळतं."

हा वाद इतका जुना झाला होता की चहाच्या थर्मासबरोबर तोही घरून आणलेला असायचा. पण दोनदा तो नेहमीसारखा मिटला नाही. एका भाद्रपदात मुळशीकडे, ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशी अब्बांच्या गळाला मोठी खडशी लागली. चारेक किलोची, खवले रुपयाएवढाले. पोट फुगलेलं. काका म्हणाले, "मास्तर, गाभोळीची मादी आहे. सोडा." अब्बा थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी मासा पोत्यात घातला. त्या रात्री अम्मीने गाभोळी तळली. मी ती आवडीने खाल्ली, हे आज कबूल करतो. अब्बांनी मात्र ताटातली बाजूला सारली. काका त्यानंतर दोन महिने आले नाहीत.

दुसरी वेळ काकांची. एका सकाळी ते प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत रोहूची बोटभर पिल्लं घेऊन आले. नदीचं आपण घेतो, नदीला काही द्यावं, अशी त्यांची भावना. त्यांनी नमस्कार करून पिशवी पाण्यात मोकळी केली. अब्बा म्हणाले, "कुणाच्या घरी पाहुणा नेऊन सोडायचा तर आधी घरवाल्याला विचारावं लागतं, काकासाहेब." काकांना राग आला. रोहू काय परदेशी आहे? अब्बांनाही उत्तर देता आलं नाही. उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. रोहू, कटला, मृगळ ही गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. आपल्या धरणांत ती सरकारी योजनांतून सोडली गेली, बाजारात रुजली आणि आपण त्यांना घरचीच समजू लागलो. भीमेच्या खोऱ्यात ती पाहुणीच होती.

तेव्हा मला हा दोन म्हाताऱ्यांचा हेका वाटायचा. मी बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, मासे सुटले. मग एका शब्दाच्या मागे लागून मी पुन्हा त्या वादापाशी आलो. तो शब्द खुद्री.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे नाव पुण्याच्या इतिहासात फारसं कुणी घेत नाही. पेशवाई बुडाली त्या लढायांत हा इंग्रजांच्या बाजूने लढला. पुढे १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. माणसं, पिकं, पाऊस, पक्षी, जे दिसेल ते त्याने टिपलं. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. त्याने दख्खनच्या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांचं वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवलं. ते १८३९ साली छापून आलं. त्यात एक गंमत आहे. शास्त्रीय नावं ठेवताना या साहेबाने पुष्कळ ठिकाणी लॅटिनचा आधार न घेता इथल्या मच्छीमारांच्या तोंडची नावंच उचलली. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत मुल्या, कोलुस, पोटेल, शिंगाळा अशी नावं लॅटिन कपडे घालून बसलेली आहेत. एकाचं नाव नुक्ता. नाकावर गाठ असलेला हा मासा. माझ्या कानाला त्यात उर्दूतला टिंब ऐकू येतो, पण मूळ बहुधा आपला नकटाच असावा.

यातलाच एक खुद्री. आजचे मच्छीमार ज्याला खडशी म्हणतात तोच हा म्हाशीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेत मिळाला. नकाशावर बोट ठेवलं तर ती जागा आजच्या मांजरीच्या आसपास येते. टॉर खुद्री या माशाचं जन्मगाव जगाच्या कागदपत्रांत पुणे असं लागलेलं आहे, आणि नाव कुणा अनाम मराठी कोळ्याने दिलेलं.

म्हाशीर हा गळवाल्यांचा राजा. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं १८७३ सालचं पुस्तक गळवाले आजही काढून वाचतात. दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात या माशाचा एक थोरला भाऊबंद होता, पाठीवर कुबड आणि नारिंगी परांचा. १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा म्हाशीर गळाने काढला. तो विक्रम अजून सांगितला जातो.

पण १९६०-७० पर्यंत सगळीकडेच म्हाशीर आटत चालला होता. पावसाळ्यात अंडी घालायला तो वरच्या ओढ्यांकडे चढतो. वाटेत धरणं आली. डोहात सुरुंग लावून मासे मारणारे आले. कारखान्यांचं पाणी आलं. आणि पोटुशी मादी पोत्यात घालणारे आमच्यासारखेही होतेच.

अशा वेळी मदत आली ती लोणावळ्याहून. टाटांच्या वीज कंपन्यांची धरणं मावळात आणि मुळशीत होती. तिथे वळवणला १९७०च्या सुमारास म्हाशीर पैदास केंद्र उभं राहिलं. महाराष्ट्राचे निवृत्त मत्स्यसंचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर एस. एन. ओगले यांनी खुद्रीची अंडी माणसाच्या हाताने काढून, फलित करून उबवण्याचं तंत्र बसवलं. ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात हेही त्यांनी दाखवलं. कवी म्हणून मला या ओल्या कापसाचं फार कौतुक वाटतं. एखादा अत्तरवाला फाया देतो तसं हे जीव कापसातून देशाच्या अनेक राज्यांत गेले. सरकारने विसरलेल्या नद्यांसाठी इतकी खटपट करणारी माणसं थोडी. त्यांच्याविषयी मी जे पुढे सांगणार आहे ते दोष देण्यासाठी नाही.

लोणावळ्याची ही पिल्लं कावेरीतही गेली. तिथे गळवाल्यांच्या एका संघटनेने, वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडियाने, १९७०च्या दशकापासून नदीचा एक पट्टा राखला होता. भीमेश्वरी, गलिबोरे इथे तळ होते. नियम आमच्या काकांचाच: मासा धरा, मोजा, सोडा. सुरुंगवाल्यांवर पहारा असे. मासेचोरी करणारेच पुढे वाटाडे झाले. गलिबोरेच्या तळावर १९९८ ते २०१२ या काळात सहा हजारांहून अधिक म्हाशीर धरून सोडल्याची नोंद आहे. माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. अभ्यासकांनी प्रथम ते आकडे पाहिले तेव्हा आनंद व्यक्त केला. सोडणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं, असंच दिसत होतं.

मात्र त्याच नोंदींत माशांचं सरासरी वजन घटत होतं. ब्रिटनचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरखून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. वाढत होता तो आपला निळ्या परांचा खुद्री. कुबडाचा म्हाशीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. दोन्ही मासे एकाच रकान्यात, 'म्हाशीर' म्हणून लिहिले जात होते. संख्या बरोबर होती, मासा वेगळा होता.

सगळा दोष खुद्रीच्या माथी मारता येत नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग हे कावेरीतही होतंच. पण पाहुणा पंगतीत बसला आणि यजमान उठला, एवढं खरं. आणखी एक गोष्ट मला लागली. साऱ्या जगातले गळवाले ज्या कुबडवाल्याचे फोटो भिंतीवर लावत होते, त्याला स्वतःचं पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. २००७ साली केरळच्या पांबार नदीतल्या एका म्हाशीराला टॉर रेमादेवी असं नाव दिलं गेलं. कावेरीचा कुबडवाला हा तोच, हे २०१८ साली सिद्ध झालं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही आहेत. नाव लागल्यावरच त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद होऊ शकली. ज्या खुद्रीला मराठी कोळ्यामुळे १८३९ पासून नाव होतं तो वाचला. ज्याला नाव नव्हतं तो कुणाच्या लक्षात न येता चालला होता.

मधल्या काळात गळवाल्यांचा वादही वेगळ्या वळणावर गेला. अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, मग मासा सोडा की खा, असं सांगून २०१२ साली कावेरीवरचे ते तळ बंद झाले. एका बाजूचं म्हणणं, आम्ही गेलो की सुरुंगवाले येतील. दुसरी बाजू विचारते, प्राण्याला वेदना देऊन त्याचं रक्षण कसं होतं? हे ऐकताना मला थर्मासमधला चहा ओतणारे अब्बाच दिसतात.

इथे मला एक अडचण आहे, ती सांगूनच टाकतो. या चर्चेत 'परका', 'घुसखोर', 'आक्रमक' असे शब्द येतात. पन्नाशी उलटून गेली, मराठीत लिहून केस पिकले, तरी "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" असं विचारणारे मला अजून भेटतात. त्यामुळे 'परका' हा शब्द कानावर पडला की मी सावध होतो. काही दिवस मी मनातल्या मनात खुद्रीची वकिली केली. पण माणसाचा हिशेब माशाला लावणं ही कवीची चलाखी झाली. माणूस गाव बदलतो, भाषा शिकतो, शेजाऱ्याशी सोयरीक करतो. मासा फक्त खातो आणि अंडी घालतो. खुद्री कावेरीला स्वतःहून गेला नव्हता, त्याला कापसात गुंडाळून नेलं होतं. तिथे तो काय करील याचा विचार नेणाऱ्याने करायचा होता.

आपल्या नद्यांत उलट कथा घडली आहे. आफ्रिकेतली तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. उजनीच्या काठी तिला चिलापी म्हणतात. मादी अंडी तोंडात उबवते, पिल्लं वाचतात, जागा भरून जाते. डास खातात म्हणून गम्बुसिया आणि गप्पी आले. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो. आफ्रिकी मांगूरवर केंद्राने २००० साली बंदी घातली तरी तळ्यांत तो पोसला जात राहिला. २०१९ साली हरित लवादाचा आदेश आल्यावर महाराष्ट्रात ठिकठिकाणी ती तळी मोडली गेली. आणि २००३ साली पुण्याच्याच अभ्यासकांनी जुन्या याद्यांशी ताडून पाहिलं तेव्हा जिल्ह्यातल्या नद्यांमधून कितीतरी देशी मासे गळालेले दिसले.

चिलापी गळाला लागली तर काय करायचं? काकांच्या नियमाने सोडायची. पण इथे सोडणं म्हणजे नदीवर आणखी एक पाहुणा लादणं. अब्बांच्या नियमाने ती घरी न्यायची, आणि आजचे जाणकारही तेच सांगतात. भाद्रपदातल्या खडशीच्या बाबतीत मात्र काका बरोबर होते, हे अब्बांनाही ठाऊक होतं. नाहीतर त्यांनी गाभोळी बाजूला सारली नसती.

दोघेही आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी मांजरीच्या पुलाजवळ गेलो होतो, साइक्सची जागा पाहायला. जलपर्णीच्या कडेला एक पोरगा नायलॉनचा दोर घेऊन बसला होता. शेजारच्या पिशवीत तीन मासे.

"काय मिळालं?"

"चिलापी."

"खडशी येते का कधी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ती कशी दिसते, चाचा?"

मी हाताने लांबी दाखवली, खवल्यांचा आकार दाखवला. निळे पर कसे सांगावेत ते मला पटकन सुचेना. तेवढ्यात त्याचा दोर हलला.