'पोलीस ॲक्शन'मध्ये पोलीस होते कुठे?

आमच्या आजोबांचं कॅलेंडरच वेगळं होतं. कुणाचं लग्न असो, विहीर खणलेली असो, सगळं एकतर 'ॲक्शनच्या आधी' नाहीतर 'ॲक्शनच्या नंतर'. ॲक्शन म्हणजे पोलीस ॲक्शन, सप्टेंबर १९४८. लहानपणी मला वाटायचं, जालन्यात तेव्हा पोलिसांची मोठी धाड पडली असणार. पुढे कळलं की आलं होतं ते लष्कर. मग नाव 'पोलीस' का? आजचा एपिसोड या एका शब्दावर.

तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचं अधिराज्य संपलं. निजामाचं म्हणणं, आता मी कुणाचाच मांडलिक नाही, हैदराबाद स्वतंत्र देश. भारताचं म्हणणं, हैदराबाद देश कधी नव्हताच. २९ नोव्हेंबरला दोघांत 'जैसे थे' करार झाला, पण वाद मिटला नाही. इकडे गावोगाव रझाकारांचे अत्याचार चालू होते, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांचा लढाही.

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. आधार होता सनदेचं ३५ वं कलम. सदस्य नसलेला देशसुद्धा आपलं भांडण तिथे नेऊ शकतो. पण गोम बघा, त्यासाठी आधी 'देश' असावं लागतं! भारताचं बोट दुसऱ्या कलमावर होतं. देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी पडायचं नाही.

आता कळलं ना 'पोलीस' का? युद्ध दोन देशांत होतं, पोलीस आपल्याच घरात जातात. 'युद्ध' म्हटलं असतं, तर हैदराबाद देश आहे हे आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं.

१३ सप्टेंबरला फौजा संस्थानात शिरल्या. गुरखा पलटणीची एक तुकडी जालन्यात आली. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद या विषयावर बसली, आणि १७ ला इकडे निजामाने शरणागती जाहीरही केली. २२ ला त्याची तार गेली, तक्रार मागे घेतो. हैदराबाद देश होता का, याचा निकाल परिषदेने कधी दिलाच नाही.

पण त्याच सप्टेंबरात निजाम सरकारचे सुमारे १० लाख पौंड लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळते झाले होते. निजामाने दावा लावला. १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, परक्या सार्वभौम देशाला आमच्या कोर्टात खेचता येणार नाही. पैसे बँकेत अडकले ते अडकलेच. २०१३ मध्ये पाकिस्तान स्वतःच कोर्टात गेला आणि ते कवच गळून पडलं. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला. पैसे भारताचे आणि निजामाच्या वारसांचे. तोवर त्याचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

म्हणजे ७१ वर्षांनी का होईना, पैशांचा हिशेब लागला. माणसांचा?

ॲक्शननंतर केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ संस्थानात पाठवलं. ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. त्यात बहुसंख्य मुसलमान. आपल्या औरंगाबाद जिल्ह्याचं नावही त्या अहवालात आहे. सरकारने तो कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. रझाकारांनी मारलेले असोत की नंतर मारले गेलेले, त्यांच्या वतीने पॅरिसला कुणी गेलं नाही, की लंडनला.

१७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनाला मी उभा राहायचो, आजही राहतो. निजामी गेली म्हणून तर आज आपण मत देतो. पण त्याच आठवड्यात कुणाच्या तरी घरी कुणीतरी परत आलं नाही, हेही आता डोक्यात असतं.

पॅलेस्टाइन देश आहे का, तैवान देश आहे का, असे वाद तुम्ही रोज मोबाइलवर ऐकता. ऐकताना जालना आठवा, आणि तिथे राहणाऱ्या माणसांचं काय, हेही विचारा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. 'ॲक्शनच्या आधी' काय होतं, एवढंच विचारा. भेटू पुढच्या भागात.